ट्राउटची माशी

सायमन रणपिसे. खडकीच्या कारखान्यातून रिटायर.
तपकिरीच्या डबीत एकच माशी:
तितराचं पीस, लाल रेशमाने आवळलेलं,
भाच्याने स्कॉटलंडहून धाडलेली. ट्राउटसाठी.

मुळेत कसला आलाय ट्राउट?

पौडच्या पुढे, करंजाखाली
तो कणकेत हिंग मळतो,
तंगूस दाताने तोडतो.
"सावली पाण्यावर पाडू नकोस," मला म्हणतो,
"आणि बोलायचंच तर गळाशी बोल."

ट्रकच्या ट्यूबवर पालथा पडून
लहू वाघमारे हातांनी वल्हवत जातो.
"लागलं काय?"
"लागंल."

आज ऊन कलल्यावर
काही न बोलता त्याने ती माशी बांधली.
टाकली.
पाण्याने जरा बघून घेतलं.
मग एक अळकूट, बोटाएवढं,
तोंडात त्याच्या अख्खं स्कॉटलंड.

सोडवताना म्हातारा पुटपुटत होता, माशाशी की भाच्याशी
कळलं नाही.
पिसकटलेली माशी टोपीला खोचली
आणि हिंगाची पुडी शोधू लागला.