बिबटीण, तीन पायांची

सकाळी कावेझेरी मांस तोलतो:
गाढवाचं, हाडासकट, दीड किलो.
जंताची गोळी काळजात खुपसलेली.
ती काळीज खाते, गोळी तेवढी
मातीत काढून टाकते.
"शहाणी आहेस," तो हेरेरोत म्हणतो
आणि दुसरी गोळी कुटायला बसतो.

पुढचा उजवा पंजा नाही.
सापळा त्याच्या मामाचा होता, शेळ्या राखायला लावलेला.
हे त्याने इथे कुणाला सांगितलेलं नाही.
तिला सांगून झालंय.

रात्री बाभळींपलीकडून
कुणीतरी करवत ओढल्यासारखं खरखरत जातं.
ती उठते. तीन पावलांचा आवाज
तारेपाशी थांबतो.
उत्तर देत नाही.

कावेझेरी बॅटरी विझवतो.
कुलूप नीट लागलंय ना, ओढून बघतो.
मग ते त्याच्या हातात
जरा जास्तच वेळ राहतं.