प्रतवारी

आवटी वकिलांची फी भेटीवर आहे,
बोलण्यावर नाही, असं मी धरून चालले.
पहिल्या भेटीत सगळं सांगितलं:
तासगावच्या मार्केट यार्डामागचा पत्र्याचा गाळा,
मी आणि जैबुन नदाफ, निम्मं-निम्मं,
बेदाणा निवडायचं मशीन, त्याचा पट्टा, त्याची मोटर,
मोटर जळाली त्या दिवशी ती मला काय म्हणाली,
मी तिला काय म्हणाले,
आणि मग रडले.
वकील घड्याळाकडं बघत नव्हते,
हा त्यांचा चांगुलपणा.
पावतीवर मात्र एका भेटीच्या दोन झाल्या होत्या.

बाहेर कारंडे कारकून दाभणानं फाईल शिवत बसलेले.
मान वर न करता म्हणाले,
"शालनताई, गुंता घेऊन आलात
तर सोडवायचे पैसे वेगळे पडतात.
घरनं सोडवून आणा."

मणेराजुरीला आले. परात पुढं ओढली.
जन्मभर दुसरं काय केलंय मी?
काडी वेगळी, दाणा वेगळा,
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली पोत्यावर.
पावत्या तारीखवार लावल्या,
लाइटबिलं रबरात, शंभराचा बॉण्ड सगळ्यात वर.
झेरॉक्स स्टँडासमोर काढली, रुपयाला पान.
कोर्टाच्या दारात तेच पान दोन रुपये.
प्रश्न कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले. अकरा भरले.
चार कारंड्यांनी फोनवरच सोडवले, फुकट.
तीन तर प्रश्नच नव्हते, नुसत्या शिव्या होत्या.
राहिले चार.

मग गोष्ट निवडायला बसले.
एका डब्यात जेवलो: काढलं.
माझ्या पोरीचं नाव तिनं सुचवलं: काढलं.
तिच्या नवऱ्यानं बाजारात तोंड फिरवलं,
याला कलम नाही. काढलं.
रडणं न्हाणीत उरकलं, बंबाचं पाणी तापेपर्यंत.
नऊ वर्षांच्या सोळा ओळी झाल्या,
वहीच्या एका पानावर, खाली जागा उरली.

एक दाणा हातातच राहिला.
हिरव्यात बसेना, काळ्यात टाकवेना.
आमचे हे मिरजेला दवाखान्यात होते त्या रात्री
जैबुननं बांगड्या गहाण टाकून
चाळीस हजार आणून दिले होते.
पावती नाही. साक्षीदार नाही.
मी परत द्यायला गेले तर म्हणाली, राहू दे, गाळ्यात धर.
गाळ्यात कुठं धरायचे, ते कधी ठरलंच नाही.
मी तो दाणा तोंडात टाकला.

दुसरी भेट वीस मिनिटांत संपली.
वकिलांनी पान वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं,
"असं सगळ्यांनी आणलं तर माझं ऑफिस बंद पडेल."
शाळेत शाबासकी मिळाली नव्हती कधी, ती इथं मिळाली.
म्हणाले, "दर तारखेला हेलपाटा घालू नका.
सांगेन तेव्हाच या. आणि मिटत असेल तर मिटवा,
माझी सगळ्यात कमी फी त्याची असते."

श्रावणात तिची कैफियत आली.
नऊ पानं, नऊ रुपये.
बोट ठेवून ओळ न ओळ वाचली.
मोटर होती. पट्टा होता. पत्र्याचं भाडं होतं.
माझ्या तोंडाळपणाचाही एक परिच्छेद होता, खरा होता.
चाळीस हजार नव्हते.
शेवटच्या पानावरून मागं वाचत आले.
नव्हते.

तिचा वकील सांगलीचा, महागडा.
पानामागं पैसे लावतो म्हणतात.
तेवढ्यासाठीच गाळलं असेल.
एक ओळ वाचवली असेल तिनं.
मीही वाचवलीच की.

उद्या तारीख आहे.
वकील म्हणाले, तुम्ही आला नाहीत तरी चालतंय,
नुसती पुढची तारीख पडणार.
मी जाणार आहे.
एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.