किती होत्या

हिल्का तीस वर्षं शाळेत दातांची नर्स होती,
तिकडे ईसाल्मीत. जेवणानंतर रांगेतल्या प्रत्येक तळव्यावर
एक गोळी:
बर्चच्या लाकडातून काढलेली साखर,
दातांना कीड लागू न देणारी.
दुसरीसाठी हात पुढे आला की म्हणायची, एकच.

चॉकलेट तिनं वरच्या फळीवर ठेवलं होतं,
मनुकांची बरणी घट्ट लावून. कांदेसुद्धा झाकलेले.
निवृत्तीनंतरही सवयीनं भरलेला कोटाचा खिसा
मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हता.

रिएपू आधी दारातल्या चटईला अडखळला.
मग मागचे पाय, जणू दुसऱ्याच कुत्र्याचे.

बाहेर उणे एकवीस. शेजारच्या ताउनोनं गाडी काढली,
आणि ती मागच्या सीटवर
त्याच्या हिरड्यांना मध चोळत बसली,
जिनं उभ्या जन्मात
कुणाच्या दातांना साखर चिकटू दिली नाही.

रस्त्याच्या दुतर्फा बर्च.
उन्हाळ्यात त्यांच्याच काटक्या
तो तोंडात धरून आणायचा, तिच्या पायाशी टाकायचा,
पुन्हा फेक म्हणायचा.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावता लावता विचारलं,
किती होत्या?

हिल्कानं डबी कानाशी धरून हलवली.