हजेरी

शाळेच्या पटांगणात आज
गुलछडी काळे तितर बोलली.
दोन बोटं ओठांवर, डोळे मिटलेले,
आणि मागं पंचगंगेच्या मळीत, तुरे आलेल्या उसातून
खरंच उत्तर आलं.
पोरं बाकांवर चढली.
"आजी, काय म्हणालीस त्याला?"
"म्हटलं ये, फासा आणला न्हाई."

मी खुर्च्या मांडत होतो.
माझ्या आज्याच्या हातची ती वही, लाल रेघांची.
रोज दिवेलागणीला पालातली माणसं
मेंढरांसारखी मोजलेली.
कोल्हापुरात कायद्यानं हजेरी कधीच उठली होती,
आज्याची उठली नव्हती.
एका रात्री तिच्या बापापुढं: गैरहजर.
त्या रात्री गुलछडी जन्मली,
हे वहीत नाही.

सरपंचबाई माफीचा ठराव वाचायला लागल्या
तेव्हा माईक खरखरला.
मागनं कोण तरी म्हणालं, "मोठ्यानं!"
त्यांनी पहिल्यापासून वाचला.

वही गुलछडीनं घेतली नाही.
मला कुठं वाचता येतंय, म्हणाली,
नातीकडं सरकवली.
नातीनं एकेक नाव घेतलं,
आणि प्रत्येक नावाला
पालावरचं कोण ना कोण उठून म्हणालं,
"हाय."
मेलेल्यांच्या वतीनं. पळालेल्यांच्या वतीनं.
गैरहजर बापासाठी गुलछडी स्वतः उठली,
गुडघा धरून.

पानाच्या तळाशी आज्याची सही.
नातीनं तीही वाचली.
पटांगण गप्प.
मी हातातली खुर्ची खाली ठेवली,
म्हणालो, "हाय."
आवाज नीट फुटला नाही.

गुलछडी माझ्याकडं न बघता म्हणाली,
"मोठ्यानं."