रेवणला, गाळ्याची किल्ली देताना

शटर आधी डावीकडे ढकल, मग वर.
ही पहिली गोष्ट. बाकीच्या धंद्याच्या.

सर्व्हर विकत घेऊ नकोस एवढ्यात.
एखाद्या मोठ्या डेटा सेंटरात कोपरा भाड्याने घे
आणि तो कोपरा स्वतःच्या घरासारखा झाडून ठेव.
मी उलट केलं. नऱ्ह्याच्या या पत्र्याखाली
दोन सर्व्हर, एक कूलर, आणि गुरुवार.
पुण्यातला गुरुवार मला तोवर
फक्त उपासापुरता माहीत होता.
वीज नऊला जायची, इन्व्हर्टर अकराला,
साडेअकराला माझा आवाज.
आता त्या दोन्हींवर झेरॉक्सचे कागद ठेवते.

‘अमर्याद’ हा शब्द जाहिरातीत घालू नकोस.
बाणेरच्या एका फोटोग्राफरने
एका रात्रीत मला त्याचा अर्थ शिकवला:
सतरा लग्नं, मूळ आकारात.

वर्षाला नऊशे देणारा रात्री दोनला फोन करतो.
नऊ हजारवाला मेल करतो, खाली आभार लिहितो.
का, ते मला अजून कळलेलं नाही.
पण दर ठरवताना आठव.

आधी पन्नास गिऱ्हाईकं पुरेत, नावानिशी पाठ असलेली.
कोणाचं मंगल कार्यालय, कोणाचा क्लास,
दहावीचा निकाल कधी.
त्या दिवशी क्लासची साइट पडली
तर दुसरा निकाल तुझा लागतो.

डोमेन ज्याचं त्याच्या नावावर.
जायचं म्हणेल त्याला दार उघडून दे;
चपला लपवून पाहुणा राहत नाही.

आणि बॅकअप.
स्टूल ओढ. बस जरा.

बावधनचे मुजावर सर,
दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त,
पाषाण तलावावरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचे.
नऊ वर्षं, रोज पहाटे: किती, कुठे, वारा कुठला.
सगळं माझ्याकडे होतं. प्रतही होती.
प्रत त्याच डिस्कवर होती.

डिस्क गेली तेव्हा मोठा आवाज झाला नाही.
बांगडी पिचावी तसा. टिक्. मग टिक्.

मेल लिहिला, खोडला, परत लिहिला.
शेवटी स्कूटर काढली.
चांदणी चौकात वळण चुकले,
मुद्दामही चुकले असेन.
सरांनी ऐकून घेतलं. चहा विचारला नाही.
आत जाऊन पलंगाखालची पेटी ओढत आणली:
तेवीस वह्या, शिसपेन्सिलीतल्या.
म्हणाले, “विश्वास होता हो तुमच्यावर.
पण छत्तीस वर्षं कारखान्यात काढली.
जे उडू शकतं
त्याची नोंद दोन जागी ठेवायची.”

चौदा रविवार मी त्या पलंगापाशी बसून टाइप करत होते.
हळदी-कुंकू बदकं अकरा. शेकाट्या चाळीसच्या वर.
एका पानावर नुसतं
‘धुकं. काही दिसलं नाही.’
तेही टाइप केलं.
तिसऱ्या रविवारी चहा आला.

म्हणून बॅकअप घेतला असं मला सांगू नकोस.
परत उभा करून पाहिलास का, तेवढं सांग.
आणि वाईट बातमी असेल
तर गाडीला किक मार.

सर आता लेकीकडे असतात, सोलापुरात.
साइट चालू आहे. फुकट ठेवू का, असं तुला वाटेल.
ठेवू नकोस. फुकटातलं कोण सांभाळतं,
तूही नाही सांभाळणार.
दर जूनला ते मनीऑर्डर विचारतात,
बंद झाली म्हणून तूच सांग त्यांना,
माझ्यानं होत नाही.

उधारीची वही खणात आहे, अर्धी नावं खोडलेली.
उरलेल्यांना दिवाळीआधी फोन कर, नंतर नाही.

उद्या गुरुवार.
इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलंय मी.
पुढच्या वेळी तू.