खप

मातुझिन्युशच्या बंदरामागे, रोजगार कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर
दर मंगळवारी दहा ते एक मी शिकवतो,
माणसानं स्वतःचा ब्रँड कसा करावा.
बारा खुर्च्या, एक फळा,
आणि खिडकीतून येणारा उकडत्या माशांचा वास,
जो कुठल्याच लेबलवर नसतो.

सुरुवात मी नेहमी डब्यानं करतो.
सार्डिनचा डबा, पिवळा, काठाला निळी वेलबुट्टी,
मधोमध लाल रुमाल बांधलेली पोरगी,
आत्ता काहीतरी उलट बोलेल अशी.
'एक्केचाळीस वर्षं झाली,' मी सांगतो,
'हिच्या रुमालाची गाठ सैल झालेली नाही.
कुठल्याही दुकानातून डोळे मिटून उचला,
तेच तेल, तोच मासा, तेवढंच मीठ.
याला म्हणतात नावाला जागणं.
आता तुम्ही सांगा, तीन शब्दांत, तुम्ही कोण?'

आदेरितु पूर्वी क्रेन चालवायचा.
म्हणाला, 'वक्तशीर.'
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, 'मला उंचावरून सगळं नीट दिसतं.'
शब्द जास्त झाले, तरी मी लिहून घेतले.
ग्रासिंदा 'मेहनती' म्हणाली आणि स्वतःच ओशाळली,
आधीच्या चौघांनीही तेच सांगितलं होतं.

शेवटच्या रांगेत इदालिना.
साठीची, बोटांना मिठाच्या भेगा.
बेचाळीस वर्षं तिनं माशांची डोकी खुडली.
नवं यंत्र आलं तेव्हा तिला मिळाला एक लिफाफा
आणि दोरीनं बांधलेले सहा डबे.

'मी कोण?' तिनं फळ्याखालच्या डब्याकडे बोट केलं.
'ती मी.'

वर्ग हसला. मीही हसलो,
कार्डावरच्या फोटोत हसतो तसा.

ती थांबली नाही.
'जेवणाच्या सुट्टीत एक चित्रकार आला होता.
वीस मिनिटं उभं केलं मला भिंतीशी, उन्हात.
मुकादमानं ती वीस मिनिटं पगारातून कापली नाहीत,
तेवढाच माझा मोबदला.
आणि रुमाल हिरवा होता.
लाल जास्त खपतो म्हणाले.'

मी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.
नाक, कदाचित. डोळ्यांचं ठामपणे सांगता येईना.

डबा खपतो म्हणजे विकला जातो.
इदालिना खपली म्हणजे पहाटे पाचपासून,
ओल्या फरशीवर, रबरी बुटांत.
त्या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे,
तो माझ्या अभ्यासक्रमात नाही.

डब्याचं सोपं असतं.
पंचवीस माणसं मिळून त्याच्यासाठी खोटं बोलतात
आणि डब्याला लाज वाटत नाही.
पण इथं विकणारा तोच, विकला जाणारा तोच,
आणि रात्री दिवे गेल्यावर
उरलेला माल घेऊन घरी जाणाराही तोच.
शिवाय माणूस एका चवीचा राहतो कुठं?
मागच्या मंगळवारी ही बाई अवाक्षर बोलली नव्हती.
आज येताना सगळ्यांसाठी संत्री घेऊन आली.

'मग माझा ब्रँड कसा करायचा?' तिनं विचारलं,
खरंच विचारलं, वही उघडून.
'एक तर झालाच आहे. तो मला कामावर घेईना.'

फॉर्मवर एक रकाना असतो, 'आपले वेगळेपण'.
तिच्यापुढे मी लिहिलं, हिरवा रुमाल.
मग खोडलं. खोडलेलं वाचता येत होतं.

त्या रात्री डबा फोडला. काटा सापडेना,
बोटांनीच खाल्लं, उभ्यानं.
तेल सांडलं ते माझ्या कार्डांच्या गठ्ठ्यावर,
वरच्या आठ-दहांवरचा मी
पारदर्शक झालो, मागची अक्षरं दिसू लागली.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही.
महिन्याभरानं मंडईत दिसली, संत्र्यांच्या ढिगामागे,
डोक्याला काहीही न बांधता.
पाटी नाही, नाव नाही, भावही लिहिलेला नाही.
मला ओळखलं की नाही कोण जाणे.
एक फळ तिनं नाकाशी धरलं, माझ्या हातात दिलं.
'आजची गोड आहेत,' म्हणाली.
'कालची नव्हती.'