पिवळं झाकण, हिरवं झाकण

पहाटे साडेचारला मी आधण ठेवते.
हॉटेल दुसऱ्याचं, पण चहा माझा,
एकोणीस वर्षं झाली, भांडंही तेच,
आतून पार काळवंडलेलं.
पत्ती, आणि कडवटपणा मारायला चिमूटभर सोडा.
मग साखर. चमचा उभा राहील की काय, इतकी.
गरम आहे तोवरच घालायची.
एकदा थंड झाला
की त्याचं आणि साखरेचं जमत नाही.

दुसरं भांडं तसंच ठेवायचं. त्यात काही नाही.
पिवळ्या झाकणाचा जार गोड, हिरव्याचा बिनसाखरेचा.
आम्ही व्हर्जिनियात, हायवेच्या अगदी कडेला.
इथून वर गेलात तर विचारावं लागतं,
इथून खाली जाऊन विचारलंत तर अपमान होतो.

माझी आई जॉर्जियाची. तिच्यासाठी चहा म्हणजे हाच, बर्फातला.
गरम चहा ती फक्त आजारपणात प्यायली,
तोही नाक मुरडून.
कुणी विचारलं, "गोड की बिनसाखरेचा?" तर म्हणायची,
"पाणी देताना विचारता का, ओलं हवं की कोरडं?"

मला गाडीची नंबरप्लेट बघावी लागत नाही.
नुसतं "चहा" म्हणणारा दक्षिणेचा.
"आइस्ड टी, लिंबू वेगळं," म्हणजे न्यू जर्सी.
मिनेसोटाची एक बाई तर कपबशीची वाट बघत बसलेली,
बाहेर डांबर वितळत होतं.
मी किटली शोधून काढली,
आत गेल्या ईस्टरची प्लॅस्टिकची अंडी निघाली.
आणि काही जण बिनसाखरेचा मागवून
वरून कागदी पुड्या फाडतात,
ढवळतात, ढवळतात, चर्चच्या घंटेसारखा ग्लास वाजवतात,
साखर आपली तळाशी, वाळूसारखी.
मी गप्प बसते. टिप त्यांच्या खिशात असते.

थर्मन आणि लोइस यांना मात्र दोन्ही जार लागायचे.
तो अलाबामाचा, ती व्हरमाँटची.
दर नोव्हेंबरात त्याच्या बहिणीकडे जाताना
खिडकीजवळचं टेबल. त्याला पिवळा, तिला हिरवा.
तो म्हणायचा, "हा चहा नव्हे, पानांचं आंघोळीचं पाणी."
ती म्हणायची, "तुझा तर काट्यानं खावा लागेल."

या वर्षी तो एकटाच आत आला.
टोपी काढली, तिच्या जागेसमोर ठेवली.
"चहा," म्हणाला. मग, खालच्या आवाजात, "हिरवा."
मी काही विचारलं नाही.
अशा वेळी काय विचारतात?
ओतताना थोडा सांडला माझ्याकडून.
तिच्या नावानं पितोय बिचारा, मनात आलं,
आणि वाटीभर पीच कॉबलर फुकट नेऊन ठेवलं.

तेवढ्यात दार ढकलून लोइस आत.
गाडी लावायला जागाच मिळेना, म्हणे.
"ते आधी उचला," वाटीकडे बघून म्हणाली,
"ऑगस्टात ह्याची शुगर तीनशे निघाली."
टोपी बाजूला सारून बसली.
"मला पिवळा."
मी बघतच राहिले.
"घरात एकानं तरी प्यायला हवा ना."

पहिल्या घोटाला तिचं तोंड असं झालं
जसं औषध पाजलेल्या पोराचं.
तो टेबलावर पुढे वाकलेला. "कसा आहे?"
"गोड."
"ते माहितीय. कसा गोड?"
तिनं डोळे मिटले. वेळ घेतला.
तिकडची माणसं शब्दसुद्धा मोजून खर्च करतात.
"मेपलसारखा नाही," शेवटी म्हणाली. "मेपल येतो आणि जातो.
हा दातांत घर करतो. भाडं न देता."
तो मागे टेकला, समाधानानं,
जणू तोच प्यायला.

ग्लास संपवायला तिला पाऊण तास लागला.
बिल देऊन ती गाडी काढायला गेली,
तसा त्यानं तिचा ग्लास जवळ ओढला,
उरलेला बर्फ एकेक करून तोंडात टाकला,
आणि मी बघतेय हे बघून म्हणाला,
"बर्फाबद्दल डॉक्टर काही बोलला नाही."